मेटा-ॲनालिसिस म्हणजे सगळ्यात वरचा पुरावा ना? मग आयव्हरमेक्टिनचं असं का झालं?

फोंडेकर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या. मी डॉक्टर नाही, अकाउंट्सचा माणूस आहे, आकड्यांची भीती नाही पण मेडिकलचे पेपर वाचायची सवयही नाही.

मे २०२१ आठवतोय का? आमच्या गोव्यात आरोग्यमंत्री विश्वजित राणेंनी जाहीर केलं होतं की १८ वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन (जंतांवरची गोळी) द्यायचं, १२ मिलिग्रॅम, पाच दिवस, कोविड असो नाहीतर नसो. इंग्लंड, इटली, स्पेन, जपानच्या तज्ज्ञांना मृत्यू कमी झालेले दिसलेत असं तेव्हा सांगितलं होतं. लगेच दुसऱ्या दिवशी डब्ल्यूएचओच्या सौम्या स्वामीनाथन यांचं ट्वीट आलं की ट्रायलच्या बाहेर कोविडसाठी हे वापरू नका. नंतर सप्टेंबरात आयसीएमआरच्या गाइडलाइनमधूनही ते औषध गेलं. मला वाटलं विषय मिटला.

तर आता आमच्या फॅमिली ग्रुपवर चुलतभावाने परत तेच उकरून काढलंय. त्याने एक मेटा-ॲनालिसिस टाकलं, अमेरिकन जर्नल ऑफ थेराप्युटिक्समधलं, २०२१ चं. २४ ट्रायल, ३४०६ लोक, मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. वर त्याचं म्हणणं, "एक ट्रायल चुकेल रे, २४ कशा चुकतील? मेटा-ॲनालिसिस हा सगळ्यात वरचा पुरावा असतो, कुठल्याही डॉक्टरला विचार." मी विचारलं तर आमचे फॅमिली डॉक्टर पण म्हणाले की हो, पुराव्यांच्या पिरॅमिडच्या टोकावर तेच असतं.

मग घोळ कुठे झाला? २४ ट्रायल एकत्र करून उत्तर चुकतं कसं? आणि माझ्यासारख्याने असा पेपर समोर आल्यावर नेमकं काय बघायचं? राजकारण नको प्लीज, लस घेतली नाही घेतली यावर नको, फक्त हे समजावून सांगा.

डॉ_सावली

फोंडेकर, प्रश्न एकदम रास्त आहे, आणि तुमच्या भावाने टाकलेला पेपर खरा आहे, आकडेही बरोबर आहेत, त्यामुळे "फॉरवर्ड आहे, खोटं आहे" म्हणून तो उडवून लावता येणार नाही.

मुळात मेटा-ॲनालिसिस करणारे लोक स्वतः एकही पेशंट तपासत नाहीत. ते आधी झालेले पेपर शोधतात, प्रत्येकातला रिझल्ट उचलतात आणि त्यांची वजनदार सरासरी काढतात. ज्या ट्रायलमध्ये पेशंट जास्त, मृत्यू जास्त, तिला वजन जास्त. म्हणजे तुमच्या भाषेत सांगायचं तर हे सगळ्या ब्रँचच्या बॅलन्सशीट एकत्र करणं आहे, ऑडिट नाही. एखाद्या ब्रँचने व्हाउचरच खोटी लावली असतील तर हेड ऑफिसची बेरीज बरोबर येऊनही आकडा खोटाच.

आयव्हरमेक्टिनच्या बाबतीत अक्षरशः हेच झालं. इजिप्तमधल्या बेन्हा विद्यापीठातून एलगझ्झर नावाच्या संशोधकाचा प्रिप्रिंट (तज्ज्ञांनी तपासायच्या आधीच ऑनलाइन टाकलेला पेपर) नोव्हेंबर २०२० मध्ये आला, ४०० पेशंट आणि वर २०० संपर्कातले लोक, मृत्यू जवळजवळ ९० टक्के कमी. बाकीच्या बऱ्याच ट्रायल पिटुकल्या होत्या, त्यामुळे या एकाचं वजन दांडगं. मग लंडनमध्ये शिकणाऱ्या जॅक लॉरेन्स नावाच्या मेडिकल स्टुडंटला कॉलेजच्या असाइनमेंटसाठी हा पेपर वाचायला मिळाला. त्याला आधी दिसलं की प्रस्तावनेतले परिच्छेदच्या परिच्छेद दुसरीकडून उचललेत. मग त्याने मूळ डेटाची फाइल मिळवली, तिला पासवर्ड होता, त्याने अंदाजाने १२३४ टाकला आणि फाइल उघडली (हसू नका, हे खरंय). आत काय, तर काही पेशंट ट्रायल सुरू व्हायच्या आधीच वारलेले, आणि पेशंटांच्या ओळींचे गठ्ठे जसेच्या तसे कॉपी-पेस्ट केलेले. जुलै २०२१ मध्ये तो प्रिप्रिंट मागे घेतला गेला.

पण तोपर्यंत तो मेटा-ॲनालिसिसमध्ये जाऊन बसला होता ना. लिव्हरपूलचे अँड्र्यू हिल यांनी असंच एक मेटा-ॲनालिसिस केलं होतं, मृत्यू ५६ टक्के कमी. त्यांनी ते मागे घेतलं, संशयास्पद आणि कच्च्या ट्रायल बाजूला काढून परत आकडेमोड केली, आणि फायदा गेला. भावाने टाकलेल्या पेपरच्या लेखकांनी मात्र "एलगझ्झर काढला तरी आमचा निष्कर्ष टिकतो" असंच धरून ठेवलं. भाऊ पुढचा मेसेज हाच टाकेल बहुतेक, तयार राहा. त्यावर विचारायचं एवढंच की बाकी उरलेल्यांपैकी कितींचा मूळ डेटा कुणी पाहिलाय?

याच सुमारास कॉक्रेनवाल्यांचा (उपचारांचे पुरावे तपासणारी स्वतंत्र संस्था) रिव्ह्यूही आला, जुलै २०२१ चाच. विषय तोच, औषध तेच, पण त्यांनी १४ ट्रायलच घेतल्या, १६७८ लोक. ज्या ट्रायलमध्ये आयव्हरमेक्टिनची तुलना प्लासिबोशी (औषध नसलेल्या, तशाच दिसणाऱ्या गोळीशी) नाही तर हायड्रॉक्सीक्लोरोक्विनसारख्या दुसऱ्या बिनसिद्ध औषधाशी होती त्या त्यांनी घेतल्याच नाहीत. आणि त्यांचं उत्तर काय तर "सांगता येत नाही, पुरावा फार कच्चा आहे". म्हणजे बघा, काय आत घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं इथेच निम्मा निकाल लागतो, गणित नंतर येतं.

पुढे ब्राझीलची टुगेदर ट्रायल आली, मार्च २०२२, १३५८ पेशंट, प्लासिबो वगैरे सगळं नीट. हॉस्पिटलात ठेवावं लागलं किंवा तासन् तास इमर्जन्सीत राहावं लागलं असे आयव्हरमेक्टिनवाले १४.७ टक्के, प्लासिबोवाले १६.३ टक्के. हा फरक निव्वळ योगायोगाने येऊ शकतो इतका बारीक आहे.

आकडेमोड्या

डॉ. सावलींना +१. मी बायोस्टॅटवाला, पुण्यात एका कंपनीत ट्रायलचे आकडे बघतो, म्हणून थोडं गणिताच्या बाजूने.

फोंडेकर, तुमच्या भावाचा "२४ कशा चुकतील" हा मुद्दा वरवर पटतो पण तो चुकतो कुठे ते बघा. २४ ट्रायल स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या कारणांनी चुकत असत्या तर चुका एकमेकींना कापून गेल्या असत्या. पण चुका एकाच दिशेच्या असतील तर सरासरी काढून काही होत नाही, उलट आकडा जास्त ठाम दिसायला लागतो. आणि छोट्या ट्रायलच्या चुका बहुतेक वेळा एकाच दिशेच्या असतात, कारण फायदा दिसला तर पेपर छापून येतो, नाही दिसला तर ड्रॉवरमध्ये जातो. याला पब्लिकेशन बायस म्हणतात आणि यात कुणी खोटारडं असायची पण गरज नाही.

यासाठी फसवाफसवी नसलेलं उदाहरण घेऊ, मॅग्नेशियमचं. हार्ट ॲटॅक आल्यावर शिरेतून मॅग्नेशियम द्यायचं. १९९१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मेटा-ॲनालिसिस आलं, ७ ट्रायल, १३०१ पेशंट, मॅग्नेशियमवाल्यांत २५ मृत्यू, दुसरीकडे ५३. म्हणजे निम्म्याहूनही कमी. पुढच्या वर्षी लिमिट-२ म्हणून २३१६ पेशंटची ट्रायल आली, तिच्यातही मृत्यू २४ टक्के कमी. १९९३ मध्ये एका संपादकीयात तर मॅग्नेशियमला परिणामकारक, सुरक्षित, सोपं आणि स्वस्त म्हणून जाहीरच करून टाकलं. आणि मग १९९५ मध्ये आयसिस-४ आली. ५८,०५० पेशंट. पाच आठवड्यांत मॅग्नेशियमवाले २२१६ वारले, न दिलेले २१०३. फायदा सोडा, आकडा किंचित उलटाच.

आता ७ ट्रायलमधला प्रत्येक डॉक्टर प्रामाणिक असेल, पण एकूण मृत्यू किती तर ७८. त्यात दोनचार इकडचे तिकडे झाले तरी चित्र बदलतं, आणि अशाच लहान ट्रायल जिथे उलटं निघालं त्या कुणी छापल्या नसतील तर आपल्याला त्या दिसणारच नाहीत. मॅथियस एगर वगैरेंनी नंतर १९९७ मध्ये फनेल प्लॉटची ती प्रसिद्ध टेस्ट काढली, त्यात हे मॅग्नेशियमचं उदाहरण आहेच. फनेल प्लॉट म्हणजे प्रत्येक ट्रायलचा एक ठिपका, मोठ्या ट्रायल वर, छोट्या खाली पसरलेल्या. सगळं ठीक असेल तर आकार उलट्या नरसाळ्यासारखा दोन्हीकडे सारखा दिसतो. खालचा एक कोपरा रिकामा दिसला की समजायचं की तिथल्या ट्रायल कुठेतरी गायब आहेत, किंवा छोट्या ट्रायलमध्ये काहीतरी वेगळं चाललंय. पण जपून, ट्रायल दहापेक्षा कमी असतील तर फनेल प्लॉट बघून काही ठरवू नका, ठिपके कसेही पडतात. लोक पाच ठिपक्यांचा फनेल प्लॉट छापतात आणि खाली लिहितात "बायस आढळला नाही", मला तर त्याचा राग येतो.

अजून एक गंमत, ही फार लोकांना माहीत नसते. मेटा-ॲनालिसिसमध्ये बेरीज करायच्या दोन रीती आहेत, फिक्स्ड इफेक्ट आणि रँडम इफेक्ट्स. फिक्स्डमध्ये धरतात की सगळ्या ट्रायलमधला खरा परिणाम एकच आहे. रँडममध्ये असं धरतात की प्रत्येक ट्रायलमधला खरा परिणामच थोडा वेगळा आहे, आणि मग वजनं सगळ्यांना बरीचशी सारखी वाटली जातात, म्हणजे छोट्यांचा आवाज वाढतो. मॅग्नेशियमच्या कॉक्रेन रिव्ह्यूमध्ये आयसिस-४ धरून सगळ्या ट्रायल एकत्र केल्या तर फिक्स्डने फायदा जवळपास शून्य, आणि त्याच डेटावर रँडमने मृत्यूची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने कमी! म्हणजे ५८ हजारांच्या ट्रायलला मूठभर पिल्लांनी मतदानात हरवलं. आणि रँडम इफेक्ट्स हे हल्ली बहुतेकजण सवयीने, न विचार करता वापरतात.

नाना_७१

सगळं वाचलं. दोघेही हुशार आहात पण एक गोष्ट कुणी बोलत नाही. आयव्हरमेक्टिन पेटंटबाहेरचं, स्वस्त गोळी, त्यात कुणाचा फायदा नाही. म्हणून ते पाडलं. महाग औषधाच्या मेटा-ॲनालिसिसमध्ये कुणी एवढं खोदून बघितलं असतं का? फाइलचा पासवर्ड उघडणारा विद्यार्थी तिकडे कसा नाही सापडत कधी?

आणि मॅग्नेशियमचं म्हणाल तर त्या मोठ्या ट्रायलमध्ये ते उशिरा दिलं, रक्ताची गुठळी विरघळवल्यावर. माझ्या एका मित्राने, तो हृदयरोगतज्ज्ञ आहे, तेव्हाच सांगितलं होतं.

आकडेमोड्या

नाना, तुमच्या मित्राचं बरोबर आहे, ती शंका तेव्हा जगभर घेतली गेली. म्हणूनच मॅजिक नावाची वेगळी ट्रायल झाली, मॅग्नेशियम लवकर द्यायचं आणि जास्त धोक्याच्या पेशंटना द्यायचं. ६२१३ पेशंट, २००२ मध्ये लॅन्सेटला छापून आली. तीस दिवसांत मृत्यू १५.३ टक्के आणि १५.२ टक्के. काहीच फरक नाही.

स्वस्त म्हणून पाडलं म्हणाल तर डेक्सामेथासोनचं बघा, त्याच साथीतलं, तेही स्वस्तच. इंग्लंडच्या रिकव्हरी ट्रायलमध्ये जून २०२० मध्येच दिसलं की व्हेंटिलेटरवरच्या पेशंटांत मृत्यू ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर येतात आणि जगभर ते दुसऱ्या दिवसापासून वापरायला लागले. मग सप्टेंबर २०२० मध्ये डब्ल्यूएचओच्या गटाने स्टेरॉइडचं मेटा-ॲनालिसिस केलं, ७ ट्रायल, १७०३ अत्यवस्थ पेशंट, २८ दिवसांत मृत्यू स्टेरॉइडवाल्यांत ३२.७ टक्के, बाकीच्यांत ४१.५. फोंडेकर, हे तुम्ही मुद्दाम वाचा, कारण काय घ्यायचं, कसं मोजायचं हे त्यांनी रिकव्हरी सोडून बाकीच्या ट्रायलचे रिझल्ट हातात यायच्या आधी लिहून ठेवलं होतं. निकाल बघून नियम ठरवायला फारसा वाव नाही. अर्थात त्यातलंही ५७ टक्के वजन एकट्या रिकव्हरीचं होतं, म्हणजे सातांची बेरीज म्हटली तरी मुख्य आवाज एकाचाच.

डॉ_सावली

नानाकाका, महागड्या औषधांचं कुणी खोदत नाही हे काही खरं नाही हो. उलट सगळ्यात गाजलेलं खोदकाम तिथलंच आहे. २००८ मध्ये एरिक टर्नर यांनी डिप्रेशनच्या १२ औषधांच्या ट्रायल काढल्या. अमेरिकेत औषधाला परवानगी मागताना कंपनीला एफडीएकडे (तिथल्या औषध नियंत्रकाकडे) सगळ्या ट्रायल द्याव्या लागतात, छापलेल्या आणि न छापलेल्या. अशा ७४ निघाल्या. एफडीएच्या मते ३८ मध्ये औषध चाललं, त्यातल्या ३७ छापून आल्या. उरलेल्या ३६ मध्ये चाललं नाही किंवा शंका होती, त्यातल्या २२ छापल्याच नाहीत, ११ छापल्या त्या जणू औषध चाललं अशा थाटात, आणि खरं ते सांगून छापल्या फक्त ३. म्हणजे जर्नल वाचणाऱ्या डॉक्टरला ९४ टक्के ट्रायल यशस्वी दिसतात, एफडीएच्या कपाटात मात्र ५१ टक्के. आता जर्नलमधले पेपर गोळा करून कितीही मन लावून मेटा-ॲनालिसिस केलं तरी ते फुगलेलंच येणार ना? म्हणून तुमचा संशय योग्य आहे, फक्त तो स्वस्त-महाग दोन्हीकडे लावा.

आणि फसवणुकीने नेहमी औषधाचा फायदाच फुगतो असंही नाही. हायड्रॉक्सीएथिल स्टार्च म्हणून सलाइनसारखं एक द्रव आयसीयूत द्यायचे. जर्मनीतले भूलतज्ज्ञ योआखिम बोल्ट यांचे ढिगाने पेपर मागे घेतले गेले. २०१३ मध्ये 'जामा' या मेडिकल जर्नलात मेटा-ॲनालिसिस आलं, ३८ ट्रायल. बोल्टच्या धरून मृत्यूवर काही ठाम सांगता येईना. त्याच्या ७ ट्रायल काढल्या, त्यात सगळे मिळून ५९० पेशंट, म्हणजे दहा हजारांत फक्त एवढे, तर मृत्यू ९ टक्क्यांनी वाढतात हे स्पष्ट झालं. खोट्या डेटाने तिथे धोका झाकला गेला होता, औषध वापरात राहिलं, माणसं गेली.

फोंडेकर

वा, धन्यवाद सगळ्यांना. ऑडिट नाही हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

पण मग मी पेपर उघडल्यावर पहिलं काय बघू? त्यातलं ते फॉरेस्ट प्लॉट का काय, आडव्या रेघा आणि खाली पत्त्यांतल्या चौकटीसारखा हिरा, ते समजतं थोडं. आणि भावाने खरंच "एलगझ्झर काढून बघितलंय" हे पाठवलं हो डॉक्टर 😄

आकडेमोड्या

हिरा म्हणजे सगळ्यांची मिळून आलेली सरासरी, तो शेवटी बघा. आधी रेघा बघा, एक रेघ म्हणजे एक ट्रायल. प्रत्येक रेघेवरचा चौकोन केवढा आहे तेवढं त्या ट्रायलचं वजन, सगळ्यात मोठे दोनतीन चौकोन कुणाचे ते शोधा आणि त्या ट्रायल स्वतंत्रपणे उघडून वाचा. मेटा-ॲनालिसिस वाचायचा निम्मा वेळ इथे घालवा असं मी ज्युनिअरना सांगतो. मग बघा की त्या मोठ्या चौकोनांवर हिरा टेकलाय की छोट्या छोट्यांनी त्याला एका बाजूला ओढलाय.

त्याच्याच खाली आय-स्क्वेअर म्हणून टक्केवारी असते, ट्रायल एकमेकींशी किती जुळत नाहीत त्याचा अंदाज. ७०-८० टक्के असेल तर हे अठरा धान्यांचं कडबोळं आहे, त्याची सरासरी काढून हातात काय येणार हा प्रश्न आधी विचारा. पण आय-स्क्वेअर कमी म्हणजे सगळं छान असंही समजू नका, ट्रायल लहान असल्या की तो आपोआप कमी येऊ शकतो.

डॉ_सावली

न जुळण्यात कधी कधी खरी माहिती पण लपलेली असते. आयव्हरमेक्टिनच्याच बाबतीत २०२२ मध्ये एक जण म्हणाला की ट्रायल कुठल्या देशात झाल्या ते बघू. जिथे स्ट्राँगिलॉइड्स नावाचा जंत जास्त आढळतो तिथल्या ट्रायलमध्ये फायदा दिसला, जिथे कमी तिथे नाही. आयव्हरमेक्टिन मुळात जंताचंच औषध! कोविडला स्टेरॉइड दिलं की हा जंत अंगभर पसरून माणूस दगावू शकतो, तेव्हा काही ठिकाणी औषधाने कोविड नाही तर जंत मारला असेल. हा अंदाजच आहे, सिद्ध नाही, पण डोकं लावून वाचणं म्हणजे काय ते यातून कळतं.

भावाला सांगा, एलगझ्झर काढला ते ठीक, आता प्रत्येक ट्रायलमध्ये कोणाला कुठलं औषध मिळणार हे कसं ठरवलं, डॉक्टरला ते माहीत होतं का, किती पेशंट मधेच गळाले याचा तक्ता त्याच पेपरात आहे, लाल-पिवळे-हिरवे गोल असतात. लाल म्हणजे गडबडीचा धोका जास्त, त्या काढून काय उरतं ते बघ म्हणावं. हिल यांनी हेच केलं होतं. आणि नंतर याच जॅक लॉरेन्स आणि इतरांनी नेचर मेडिसिनमध्ये पत्र लिहून मागणी केली की नुसते छापील आकडे नको, एकेका पेशंटचा डेटा मागवून मगच मेटा-ॲनालिसिस करा.

मीनल_के

उशिरा आले पण एक प्रॅक्टिकल गोष्ट राहिली. ट्रायल भारतातली असेल तर तिचा सीटीआरआय नंबर पेपरमध्ये शोधा, ट्रायल नोंदवायची आयसीएमआरची रजिस्ट्री आहे, २००७ पासून, कुणालाही फुकट बघता येते. तिथे रजिस्ट्रेशनची तारीख आणि पहिला पेशंट घेतल्याची तारीख दोन्ही असतात. १ एप्रिल २०१८ नंतर पेशंट घ्यायच्या आधीच नोंद करावी लागते, त्याआधीच्या बऱ्याच ट्रायल उरकल्यावर नोंदवलेल्या सापडतील. मुख्य आउटकम (ट्रायलमध्ये मुख्यतः काय मोजणार ते) तिथे एक आणि पेपरात दुसरंच असेल तर मी तो पेपर तिथेच बाजूला ठेवते, मग तो कितीही मोठ्या मेटा-ॲनालिसिसमध्ये बसलेला असू दे.

नाना_७१

सीटीआरआयची साइट आत्ता उघडली, मराठीत नाही आणि सर्च भयंकर आहे. पण बघतोय.